संध्याकाळचा विद्यार्थी

मुलीच्या घरी न्यू जर्सीत काही महिने मुक्काम करण्याचा योग आला असता, तिच्या शेजारी राहणाऱ्या आणि सांगली जिल्ह्यातून लग्न होऊन तिकडे गेलेल्या एका मराठी सूनबाईंबरोबर मी एका संध्याकाळी त्यांचे कॉलेज पाहावयास गेलो. बी.कॉम. झालेल्या, पतीच्या नोकरीपायी परमुलखात आलेल्या आणि कामाचा परवाना हाती पडेपर्यंत कित्येक वर्षे घरात बसून काढावी लागलेल्या या बाई तेथील हिशेबपद्धतीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम रात्रीच्या वर्गांतून नेटाने पुरा करीत होत्या. वर्ग साडेसहाचा, आणि आम्ही सहालाच जाऊन ठेपलो. तेव्हा बाई ग्रंथालयात गेल्या व मी तळमजल्याच्या लांब व्हरांड्यात येरझारा घालीत राहिलो. त्या व्हरांड्याच्या टोकाला काचेचे एक दार होते. आत दिवे मालवलेले, टेबलांवर खुर्च्या नीट लावून ठेवलेल्या, आणि दारावर पाटी अशी की विद्यार्थ्यांना नोकरी, उमेदवारी व शिष्यवृत्ती यांविषयी येथे सल्ला मिळेल, वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी पाच. शेजारच्या फलकावर उमेदवारीच्या जागांचे कागद टाचणीने लावले होते. प्रत्येक कागदाच्या तळाशी दूरध्वनीचा क्रमांक छापलेल्या चिठ्ठ्यांच्या झालरी कापलेल्या होत्या, आणि त्यांतली एकही चिठ्ठी कोणी फाडून नेलेली नव्हती.

मी तेथे उभा असतानाच गोदामातील कामगार घालतात तसले पिवळे चमकदार जाकीट अंगात असलेला एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा आला. त्याने एका कागदासमोर थांबून तो सावकाश वाचला, काचेच्या दाराची मूठ एकदा फिरवून पाहिली, मग फोनमध्ये त्या कागदाचे छायाचित्र घेतले आणि घड्याळाकडे नजर टाकून वर्गाच्या दिशेने तो झपाझप निघून गेला. तो गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिले, तर अर्जाची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती. परतताना मी ही हकीकत बाईंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, दोन वर्षं झाली मला इथं येऊन. मी येते तेव्हा ते दार बंदच असतं.”

त्या कॉलेजचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण हा दोष एका संस्थेचा नसून एका विचाराचा आहे, आणि त्या विचाराची तपासणी करावी याच हेतूने हा लेख लिहीत आहे. तो विचार असा, की संस्थेने दार उघडे ठेवले, फी कमी ठेवली, अभ्यासक्रमांची यादी लांबलचक केली आणि संधीची सूचना फलकावर लावली म्हणजे तिचे कर्तव्य संपले. त्यापुढे ती संधी उचलणे वा न उचलणे हा ज्याच्या-त्याच्या हिमतीचा प्रश्न. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. दिवसभर राबून संध्याकाळी शिकावयास येणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत संधी ही फलकावर लावण्याची वस्तूच नव्हे. ती त्याच्या वेळेला, त्याच्या खिशाला आणि त्याच्या ओळखीच्या माणसाच्या तोंडून त्याच्यापर्यंत पोहोचवावी लागते, आणि हे पोहोचविण्याचे काम म्हणजे शिक्षणाच्या कडेने करावयाची समाजसेवा नसून अध्यापनाइतकेच संस्थेचे मूळ काम आहे.

अमेरिकेतील ज्या संस्थेला कम्युनिटी कॉलेज म्हणतात तिला आपल्या भाषेत अद्याप सर्वमान्य नाव मिळालेले नाही. कोणी सामुदायिक महाविद्यालय म्हणतात, कोणी समाज महाविद्यालय म्हणतात. परंतु गावच्या करातून चालणारे, बहुतेक ठिकाणी गावच्याच लोकांचे मंडळ ज्यावर देखरेख करते असे, आणि गावातील कोणालाही मागील गुणांची झडती न घेता आत घेणारे दोन वर्षांचे कॉलेज, हा अर्थ त्यांतल्या एकाही शब्दात पुरता उतरत नाही. इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ साली अशा पहिल्या सार्वजनिक कॉलेजचा आरंभ झाला तेव्हा त्यात अवघे सहा विद्यार्थी होते. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची कल्पना त्यामागे होती. आणि ही कल्पना, नीट पाहिले तर, लोकांसाठी दार उघडण्याची जितकी होती तितकीच विद्यापीठावरील भार हलका करण्याचीही होती. पहिल्या दोन वर्षांचे प्राथमिक स्वरूपाचे अध्यापन अन्यत्र व्हावे आणि विद्यापीठाने उच्च अध्ययनात व संशोधनात लक्ष घालावे, असा हार्पर यांचा मनोदय होता. संस्थेच्या जन्मातच असलेले हे दुहेरीपण पुढे कधीही पुरते नाहीसे झाले नाही, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख करतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळू लागला आणि कॉलेजांच्या दारांवर गर्दी झाली. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४६ साली जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने पुढील वर्षी आपला अहवाल सादर करण्यास आरंभ केला, आणि त्यात देशातील किमान ४९ टक्के लोकांच्या अंगी चौदा वर्षांचे शिक्षण पुरे करण्याची बौद्धिक पात्रता आहे, असे स्पष्ट शब्दांत मांडले. त्या काळी हे विधान केवढे धाडसाचे होते याची आज कल्पना येणार नाही. उच्च शिक्षण हा निवडक बुद्धिमंतांचा वारसा असल्याची समजूत तिकडेही आपल्याइतकीच घट्ट होती, आणि या आयोगाने मोजमाप पुढे ठेवून ती नाकारली. कम्युनिटी कॉलेज हे नाव रूढ झाले तेही प्रामुख्याने याच अहवालामुळे. पुढे १९६० साली कॅलिफोर्नियाने आपली प्रसिद्ध शिक्षणयोजना आखली. शाळेतील वरच्या एक-अष्टमांश मुलांना राज्य विद्यापीठ, वरच्या एकतृतीयांशांना दुसऱ्या श्रेणीची विद्यापीठे, आणि बाकीच्या सर्वांना कम्युनिटी कॉलेज, अशी ती वाटणी होती. आज त्या देशात अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत, सार्वजनिक कॉलेजांची वर्षाची फी सरासरी सुमारे ४,००० डॉलर म्हणजे चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि त्यांतील सुमारे दोनतृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. या शेवटच्या आकड्याकडे वाचकांनी विशेष ध्यान द्यावे. अर्धवेळ शिकणारा विद्यार्थी बाकीचा वेळ रिकामा नसतो. तो कोठेतरी राबत असतो, मुले सांभाळत असतो, किंवा आईबापांच्या घराचे भाडे भरीत असतो.

अशा माणसाला ही संस्था काय देते? पुष्कळ देते, आणि तिच्यावर टीका करण्यापूर्वी हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. परिचारिकांचेच उदाहरण घ्या. अमेरिकेत पूर्वी परिचारिका तयार होत त्या मुख्यतः रुग्णालयांशी जोडलेल्या तीन वर्षांच्या शाळांतून, आणि तेथे शिक्षणाच्या नावाखाली रुग्णालयाचे फुकटचे काम त्यांच्याकडून करून घेण्याचा शिरस्ता होता. मिल्ड्रेड मॉन्टॅग या विदुषीने आपल्या प्रबंधात असा विचार मांडला की हे शिक्षण कॉलेजात, दोन वर्षांत, अधिक शास्त्रशुद्ध रीतीने देता येईल. आणि १९५२ साली काही निवडक कॉलेजांत त्याचा प्रयोग सुरू झाला. आज दोन वर्षांची पदविका घेतलेली परिचारिका आणि चार वर्षांची पदवी घेतलेली परिचारिका परवान्यासाठी एकच परीक्षा देतात. मी पाहिलेल्या त्या कॉलेजातही परिचर्येचा एक वर्ग होता. पलंगावर निजविलेल्या रबरी पुतळ्याच्या हाताला सुई टोचण्याचा सराव चालला होता. साठीकडे झुकलेली एक कृष्णवर्णीय बाई, चष्मा कपाळावर सारून, त्या रबरी हाताची शीर बोटाच्या टोकाने पुनःपुन्हा चाचपून पाहत होती. तीन वेळा सुई चुकली, चौथ्या वेळी नळीत लाल पाणी चढले, आणि तिने शेजारणीकडे न पाहता, शिक्षिकेकडे न पाहता, त्या पुतळ्याच्या कपाळावरून हलकेच हात फिरविला. वर्गातल्या त्या शेजारणीने मला नंतर सांगितले की ती तेरा वर्षे वृद्धाश्रमात आयाचे काम करीत आली आहे. तेरा वर्षे ज्या हातांनी दुसऱ्यांची अंथरुणे बदलली त्या हातांना आज औषध देण्याचा अधिकार मिळत होता. धंदेशिक्षण म्हणून नाक मुरडणाऱ्या विद्वानाने तो क्षण पाहिला असता तर त्याने आपला शब्द मागे घेतला असता, अशी माझी खात्री आहे.

परंतु विद्वानांचा आक्षेप इतका उथळ नाही, आणि त्याला उत्तर देणे प्राप्त आहे. १९६० साली समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातील एका कॉलेजच्या अभ्यासावरून असे दाखवून दिले की ज्या विद्यार्थ्याची महत्त्वाकांक्षा त्याच्या गुणांपेक्षा मोठी असते त्याला ही संस्था नकार देत नाही. ती त्याला चाचण्या, प्रगतिपत्रके आणि मार्गदर्शकाच्या भेटी यांच्या मालिकेतून हळूहळू, न दुखविता, अशा मनःस्थितीला आणते की आपले मूळ ध्येय आपल्याला पेलणारे नव्हते असे त्याला स्वतःलाच वाटू लागते. दार तर उघडे होते. मग आपणच अपुरे पडलो, असे मानून तो निघून जातो. पुढे १९८९ साली स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम कॅराबेल यांनी आपल्या ग्रंथात हाच धागा पुढे नेऊन म्हटले की या कॉलेजांनी गरिबांच्या पदवीच्या स्वप्नाला धंदेशिक्षणाकडे वळविले, आणि विद्यार्थी स्वतः ते मागत नव्हते तेव्हाही वळविले.

या आक्षेपात सत्यांश मोठा आहे. प्रवेश घेताना सुमारे ८० टक्के विद्यार्थी आपल्याला पुढे चार वर्षांची पदवी घ्यावयाची आहे असे सांगतात. प्रत्यक्षात वरच्या विद्यापीठात पोहोचतात ते सुमारे एकतृतीयांश. आणि सहा वर्षांच्या आत पदवी हाती पडते ती सुमारे १६ टक्क्यांच्या. वाटेत गळती कोठे होते याचा शोध घेतला तर असे आढळते की एका संस्थेत कमावलेले श्रेयांक दुसरी संस्था मान्य करीत नाही. अमेरिकी सरकारच्या हिशेब तपासणी खात्याने २०१७ साली केलेल्या पाहणीत, एका कॉलेजातून दुसरीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी सुमारे ४३ टक्के श्रेयांक वाया जातात असा अंदाज निघाला. रात्री जागून, पोरे निजवून, भाड्याचे पैसे राखून ठेवून मिळविलेल्या श्रमातील जवळजवळ निम्मा भाग एका कारकुनाच्या शेऱ्याने रद्द व्हावा, याहून मोठा अपव्यय मला ठाऊक नाही.

तथापि या साऱ्यावरून धंदेशिक्षणच वाईट असा निष्कर्ष काढणे म्हणजे शिडीच्या वरच्या पायऱ्या तुटलेल्या आहेत म्हणून खालच्या पायऱ्यांना दोष देण्यासारखे आहे. ज्या परिचारिकेला उद्या पदवी घ्यावीशी वाटेल तिचा दोन वर्षांचा अभ्यास पुढे जसाच्या तसा धरला गेला, तर तिच्या धंदेशिक्षणाने तिचे स्वप्न वळविले असे कोणी म्हणणार नाही; उलट वाटेत पोट भरण्याची सोय करून त्याने ते स्वप्न जिवंत ठेवले असेच म्हणावे लागेल. आणि क्लार्क यांच्या निरीक्षणातील ज्या गोष्टीने मला सर्वांत अस्वस्थ केले ती वेगळीच आहे. उमेद विझविण्याचे ते काम ज्या टेबलावर होत होते ते टेबल मार्गदर्शकाचे होते. म्हणजे संस्थेत विद्यार्थ्याशी एकांतात, त्याच्या भवितव्याविषयी बोलणारा जो एकमेव मनुष्य, त्याच्याच मुखाने नकार वदविला जात होता. यावरून त्या टेबलाची शक्ती ध्यानात यावी. जे टेबल उमेद विझवू शकते तेच टेबल ती पेटवूही शकेल. प्रश्न एवढाच, की तेथे कोण बसतो, किती वेळ बसतो आणि किती जणांसाठी बसतो.

संधी विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवावी कशी, या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्क शहराने एकदा नव्हे, दोनदा दिले आहे. क्वीन्स भागातील लागार्डिया कम्युनिटी कॉलेज १९७१ साली एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने सर्वांना खुल्या प्रवेशाचे धोरण स्वीकारले होते, आणि स्थलांतरितांची व श्रमिकांची मुले लोंढ्याने येऊ लागली होती. या कॉलेजने आरंभीच असा नियम केला की प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी उमेदवारी करणे हा पदविकेचा आवश्यक भाग राहील. ज्याची इच्छा असेल त्याने फलक वाचावा, असे नव्हे. प्रत्येकाने कामावर जावयाचे, संस्थेने त्याला जागा शोधून द्यावयाची, आणि त्या अनुभवाचे श्रेयांक प्रगतिपत्रकात नोंदवावयाचे. कामाची पाळी आणि अभ्यासाची पाळी आलटून-पालटून ठेवण्याची पद्धत सिनसिनाटी विद्यापीठातील अभियंते हर्मन श्नायडर यांनी १९०६ सालीच सुरू केली होती. पण ती अभियांत्रिकीच्या मुलांसाठी होती. क्वीन्समध्ये ती बसचालकाच्या मुलीला आणि दुकानातील मुलाला लागू झाली, हे वैशिष्ट्य. ऐच्छिक संधी आणि अनिवार्य संधी यांतील फरक येथे स्पष्ट दिसतो. संधी ऐच्छिक ठेवली म्हणजे ज्याला तिचा उपयोग आधीच ठाऊक आहे तोच ती घेतो, आणि ज्याला तिची खरी गरज आहे तो ती आपल्यासाठी नाहीच असे समजून पुढे जातो.

उमेदवारीविषयी एक गोष्ट मात्र कठोरपणे बोलली पाहिजे. बिनपगारी उमेदवारी ही गरिबाला दिलेली संधी नव्हे. जो मुलगा आठवड्याला वीस तास गोदामात काम करून घरभाड्याला हातभार लावतो त्याला तीन महिने फुकट काम करण्याची मुभा देणे म्हणजे त्याच्यापुढे दार उघडून उंबरठ्यावर भिंत बांधणे होय. अमेरिकेने १९६४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना कॉलेजातच सरकारी अनुदानातून वेतन मिळणारी कामे देण्याची तरतूद केली, आणि ती आजही चालू आहे. परंतु ती कामे बहुधा पुस्तके मांडण्याची वा टपाल वाटण्याची असतात, विद्यार्थी जो विषय शिकतो त्याच्याशी त्यांचा संबंध क्वचितच असतो. हिशेबपद्धती शिकणाऱ्याला कॉलेजच्याच हिशेब खात्यात बसविले, तर मेहनतान्याचा प्रत्येक डॉलर विद्येचाही होईल. एवढी साधी तजवीज करण्याला कोणताही नवा कायदा लागत नाही.

श्रम आणि विद्या यांचा असा मेळ घालण्याचे जे काम मराठी मुलखात झाले आहे त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृहाचा पाया घातला, आणि १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी कॉलेज उभे केले. या वसतिगृहांत व कॉलेजात विद्यार्थी शेतात, इमारतीच्या बांधकामात, स्वयंपाकघरात राबून आपल्या शिक्षणाचा खर्च स्वतः भागवीत. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज विद्यापीठांच्या योजनांच्या मथळ्यांवर छापलेले दिसतात, आणि अनेक कॉलेजांत त्यांचा अर्थ तासाला ठरावीक रक्कम देऊन मुलांकडून बाग शिंपवून घेणे एवढाच उरला आहे. भाऊरावांच्या योजनेचे मर्म त्या मजुरीत नव्हते. सर्व जातींची मुले एका पंगतीत बसत, एकत्र खडी फोडीत, आणि खडी फोडणारा मुलगा उद्या प्राध्यापक होणार हे त्याला रोज तोंडावर सांगणारा एक मनुष्य त्या आवारात वावरत असे. श्रमाला प्रतिष्ठा मिळाली ती त्या माणसाच्या उपस्थितीने. तो मनुष्य वजा करून केवळ योजना चालविली तर उरते ती रोजंदारी.

न्यूयॉर्कने दिलेले दुसरे उत्तर मला याच कारणाने भाऊरावांच्या जवळचे वाटते. तेथील नगर विद्यापीठाने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक योजना सुरू केली. तिच्यातील विद्यार्थ्याला पूर्ण वेळ शिकण्याची अट घातली. त्याबदली सरकारी मदतीनंतर उरलेली फी माफ केली, पाठ्यपुस्तके दिली, शहराच्या रेल्वे-बसचा पास दिला, वर्गांच्या वेळा सोयीच्या लावून दिल्या, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाला ठराविक मार्गदर्शक नेमून दिला, ज्याला वारंवार भेटणे बंधनकारक होते. इतर विद्यार्थ्यांच्या बाबतीत एका मार्गदर्शकाकडे ६०० ते १,५०० विद्यार्थी असत. या योजनेत ते ६० ते ८० ठेवले. एका स्वतंत्र संशोधन संस्थेने सोडत काढून दोन गट पाडले व त्यांची तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत पदविका पुरी करणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या गटात २२ टक्के आणि या योजनेतील गटात ४० टक्के भरले. ओहायोतील तीन कॉलेजांत हाच प्रयोग झाला आणि तेथेही प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे ६० टक्क्यांनी वाढला हे खरे. परंतु पदविकाधारकांची संख्या इतकी वाढली की एका पदविकेमागे पडणारा खर्च पूर्वीपेक्षा कमी झाला. शिक्षणखात्याचा खजिना सांभाळणाऱ्यांनी हे गणित स्वतः मांडून पाहावे.

या योजनेतील रेल्वे-बसच्या पासाविषयी दोन शब्द अधिक लिहितो. हा पास दरमहा विद्यार्थ्याच्या हाती पडे तो योजनेच्या अटी, म्हणजे मार्गदर्शकाची भेट, पुऱ्या केल्यावर. पासाने प्रवास फुकट झाला हा त्याचा लहान लाभ. मोठा लाभ असा की एका माणसाला दरमहा तोंड दाखविणे विद्यार्थ्याला भाग पडले, आणि आपण कोठे आहोत, कोणत्या विषयात मागे पडलो, कोणत्या जागेची मुदत कधी संपते, हे त्याला विचारावे लागण्यापूर्वीच सांगितले गेले.

येथे एक जुना आणि सद्हेतूचा आक्षेप उभा राहतो. ज्याला गरज आहे तो शोधील. सगळे हाती दिले तर मुले परावलंबी होतील. आम्ही तर कोणाच्या आधारावाचून शिकलो. असे म्हणणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात, आणि मीही तरुणपणी असेच म्हणत असे. परंतु आपण कोणाच्या आधारावाचून शिकलो, हे खरोखर पडताळून पाहिले तर काय आढळते? ज्या घरात एक जण शिकलेला असतो त्या घरात मार्गदर्शकाची कचेरी चोवीस तास उघडी असते. मामा पत्र लिहून कळवितो की अमुक परीक्षेची जाहिरात आली आहे. काकांच्या ओळखीचे गृहस्थ अर्ज भरण्याची रीत समजावून सांगतात. शेजारचा मोठा मुलगा गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका आणून देतो. आणि या साऱ्याला आपण आधार असे नाव देत नाही, कारण तो हवेसारखा आपल्याभोवती असतो. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी कॉलेजची पायरी चढले नाही त्याच्या घरी मामाही असतो आणि काकाही असतात, पण जाहिरात वाचून तिचा अर्थ सांगणारे कोणी नसते. मध्यमवर्गीय घराला नात्यागोत्यातून जे विनामूल्य मिळते तेच अशा विद्यार्थ्याला संस्थेने पगारी माणूस नेमून द्यावे, एवढीच ही मागणी आहे. याला परावलंबन म्हणावयाचे असेल तर आपण सगळेच परावलंबी आहोत.

आपल्या देशातही ही संस्था आलेली आहे. पुदुच्चेरीत १९९५ साली आणि मद्रासेत त्यानंतर वर्षभरात तिचे पहिले प्रयोग झाले, आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने अनेक कॉलेजांना कम्युनिटी कॉलेजच्या नावाने कौशल्याचे अभ्यासक्रम चालविण्यासाठी अनुदान दिले. नाव आले, अनुदान आले, पदविका आल्या. परंतु गावच्या लोकांची देखरेख आली नाही, वरच्या पदवीत सलगपणे जाण्याची वाट बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली, आणि बाजूला बसून विद्यार्थ्याशी बोलणारे माणूस तर आलेच नाही. आपल्याकडे आयटीआय झालेल्या मुलाला तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, आणि तेथून अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. ही वाट नियमाने मोकळी आहे. तरी जोडारी वा तारतंत्रीचा वर्ग पुरा करून कारखान्याच्या फाटकापाशी कंत्राटदाराची वाट पाहणाऱ्या दहा मुलांना विचारावे की ही वाट तुम्हांला कोणी सांगितली होती काय. मी विचारलेले आहे. ज्यांना ठाऊक होती त्या थोड्यांना ती मित्रांकडून कळली होती, आणि ती कळेपर्यंत दोघांच्या प्रवेशाची वेळ टळून गेली होती. शासनाने येथे काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. शासनाने रस्ता बांधला, पण फाट्यावर माणूस उभा केला नाही.

न्यू जर्सीतील त्या बाईंची हकीकत अपुरी ठेवणे बरे नव्हे. त्यांना हिशेबाच्या एका लहान कचेरीत सवेतन उमेदवारी मिळाली. ती फलकावरून नव्हे, तर त्यांच्या वर्गातील एका वयस्क प्राध्यापकाने तास संपल्यावर त्यांना थांबवून, स्वतःच्या ओळखीने, त्यांच्यासमोर फोन करून दिली. त्या पिवळ्या जाकिटातल्या मुलाला कोणी थांबविले की नाही हे कळण्याचा मार्ग नाही. एका सहृदय शिक्षकाच्या अंगभूत चांगुलपणावर हजारो विद्यार्थ्यांचे भवितव्य सोपविणे कोणत्याही संस्थेला शोभत नाही, कारण चांगुलपणाला पाळी नसते, रजा असते, आणि निवृत्तीही असते. संस्थेच्या शिरस्त्याला मात्र यांतले काही नसावे.

म्हणून ज्यांच्या हाती कॉलेजांचा, आयटीआयचा, तंत्रनिकेतनांचा वा मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांचा कारभार आहे, मग ते साताऱ्यात असोत, नाशिकला असोत वा सातासमुद्रापलीकडे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. नव्या अभ्यासक्रमाची पुढील दरखास्त मंजुरीसाठी टेबलावर येईल तेव्हा तिच्यावर सही करण्यापूर्वी आपल्या संस्थेतील विद्यार्थी मार्गदर्शनाच्या कचेरीच्या वेळांचा तक्ता मागवून घ्यावा, शेवटचा वर्ग किती वाजता सुटतो ते त्याच्याशी ताडून पाहावे, आणि त्या कचेरीत नेमलेल्या एका माणसाच्या वाट्याला किती विद्यार्थी येतात हे विचारावे. तक्त्यात पाच वाजता दार बंद होत असेल, तर त्या दिवशी तरी स्वतः साडेसहापर्यंत तेथे थांबावे आणि दाराची मूठ फिरवून पाहणाऱ्या मुलाला आत बोलवावे.